रेस कुणी दिली

खराडी बायपासच्या सिग्नलला रणजित बायकोच्या, अपेक्षाच्या, स्कूटरवर मागे बसलेला असताना त्याच्या कानाशी एक गाडी अचानक किंचाळायला लागली. दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनांनी फुगलेली जुनी मोटरसायकल होती, आणि तिच्यावर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा दूधवाला. सिग्नल लाल होता, गाडी जागची हलत नव्हती, पण इंजिन आता फुटेल की मग अशा आवाजात वर वर चढत चाललं होतं. शेजारच्या कारची काच खाली आली. "ओ काका, शर्यत आहे का कुठे? रेस कशाला देताय?" म्हाताऱ्यानं डाव्या हातानं क्लच इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि उजवा हात मुठीवरून काढून त्यानं सगळ्यांना दिसेल असा वर धरला होता, शपथ घेताना धरतात तसा. "मी न्हाई देत ओ," तो म्हणाला. "हात बगा माजा. मी न्हाई. गाडीच देती आपली आपन." मग त्याला चावी सुचली. गाडी गप्प झाली. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि अपेक्षानं स्कूटर पुढे काढली. "वायर अडकली असेल त्यांची," ती मागे न बघता म्हणाली, आणि मग मागे कोण बसलंय हे आठवल्यासारखी एकदम गप्प झाली. ऑफिसच्या फाटकाशी तो उतरताना तिनं नेहमीसारखं विचारलं, "डबा घेतलास?" आणि नेहमीसारखीच, तो आत जाऊन दिसेनासा होईपर्यंत ती स्कूटर चालू ठेवून उभी राहिली. तिची शाळा हडपसरला होती. मांजरीच्या घरून हडपसरला जाताना खराडी वाटेत लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी नवी नोकरी लागल्यापासून ती रोज 'जाता जाता' त्याला सोडत होती.

दिवसभर त्याच्या समोरच्या पडद्यावर लोकांच्या तक्रारी येत राहिल्या. कुणाचा पासवर्ड चालत नव्हता, कुणाचा प्रिंटर. तो उत्तरं देत राहिला, आणि मधेमधे त्याला तो वर धरलेला हात दिसत राहिला. मी न्हाई, गाडीच देती. किती सोपं वाक्य होतं. म्हाताऱ्याला ते म्हणता आलं, कारण म्हातारा तिथे होता. आपल्या हाताशी तो स्वतः हजर होता. रणजित मात्र स्वतःच्या अपघाताला हजर नव्हता. दीडएक वर्षापूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, मांजरीच्या कालव्याअलीकडच्या वळणावर त्याची मोटरसायकल वळलीच नाही. ती सरळ गेली, बांधावर आदळली, आणि तो उडून पलीकडच्या उभ्या उसात पडला. उसानं झेललं म्हणून वाचला, असं सगळे म्हणाले. शुद्ध आली तेव्हा त्या सकाळचा चहा त्याला आठवत होता, चहाबरोबरचं खारीचं पाकीट आठवत होतं, आणि त्यापुढे थेट हॉस्पिटलचं छत. मधला सगळा भाग कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखा गेला होता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, तेवढं परत येईलच असं नाही. ते आलं नाही. आलं ते वळणावरच्या रसवंतीवाल्याचं बोलणं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो रणजितच्या वडिलांना, अण्णांना, हळू आवाजात सांगत होता. रणजितच्या डोक्याला पट्टी होती, पण कान उघडे होते. "ब्रेकचा आवाज न्हाई, हॉर्न न्हाई. रेस देत देतच गेला ओ. गाडी वरडत हुती." त्यावर अण्णांनी काहीच विचारलं नव्हतं. कुठं लागलं, किती वाजता, कुणी उचललं, काहीच नाही. अण्णा म्हणजे शेजारच्याच्या बैलाचं शिंग मोडलं तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस. त्या गप्प बसण्यावरून रणजितला कळलं की अण्णांना काय वाटतंय. आणि मग हळूहळू हेही कळलं की आपल्यालाही तेच वाटतंय.

कारण त्याआधीचे महिने त्याला चांगले आठवत होते. कंपनीनं एका दुपारी मीटिंग लावली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मजल्यावरची निम्मी माणसं पेटीत आपापले कप भरून खाली आली, त्यांत तोही होता. पहिले काही आठवडे त्यानं अर्ज केले, फोन केले. मग फोन उचलणं सोडलं. मग दाढी. घरात खाण्यापिण्याची ओढाताण नव्हती. उरलेल्या जमिनीत ऊस होता, अपेक्षाचा पगार होता. कमी काहीच नव्हतं, आणि म्हणूनच आपलं काय दुखतंय हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. सकाळी जाग आली की छातीवर कुणीतरी ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. पोतं उचलून उठायचं, आणि उठून करायचं काय? अशाच एका दुपारी तो कालव्याच्या कठड्याशी बराच वेळ उभा राहिला होता. पाणी भरून चाललं होतं. तो विचार त्याच्या मनात आलाच नव्हता असं नाही. आला, थोडा वेळ शेजारी उभा राहिला, आणि मग कुणाच्या तरी म्हशी पाण्यावर आल्या म्हणून तो घरी परतला. एवढंच. पण एकदा आलेला विचार दुसऱ्यांदाही येऊ शकतो. म्हशी दर वेळी येतीलच असं नाही. मधल्या त्या कापलेल्या भागात नक्की काय झालं असेल? वळण आलं, आणि त्यानं ठरवलं? की ठरवलंही नाही, नुसती मूठ पिळली? माणूस स्वतःला एवढा अनोळखी असू शकतो का, की त्यानं आपला जीव द्यायचं ठरवलं आणि त्याला ते ठाऊकच नाही? पुढे ज्या डॉक्टरीणबाईंकडे अपेक्षा त्याला घेऊन जायला लागली, त्यांनी एकदा सरळच विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्हाला मरायचं होतं का?" तो म्हणाला, "आठवत नाही." "आणि आज?" त्यानं खरंच विचार करून सांगितलं, "आज नाही." "मग आपण आजचं बोलू," त्या म्हणाल्या. ते बोलणं, त्या गोळ्या, रोजचं चालणं, यांनी पोतं हळूहळू हलकं झालं. नोकरी लागली. तो हसायलाही लागला. पण ते न आठवणारं वळण तसंच राहिलं. बरा झालेला माणूस जसजसा बळकट होत गेला, तसतशी त्याला त्या दुसऱ्या माणसाची भीती जास्त वाटायला लागली. तो त्या दिवशी गाडीवर होता, आणि कदाचित अजूनही आतच कुठेतरी राहत होता.

घरात तर कुणी शब्दच काढत नव्हतं. तो हॉस्पिटलमधून आला तेव्हा मागच्या खोपीतली फवारणीची औषधं नाहीशी झाली होती, अण्णांनी ती चुलत्यांकडे नेऊन ठेवली होती. आईनं, मथुराबाईनं, आपली कॉट हॉलमध्ये दारालगत आणली, "आत उकडतंय" म्हणून, ऐन थंडीत. बाथरूमची आतली कडी निघाली होती, चार स्क्रूंची चार भोकं तेवढी दारावर होती. "खराब झाली होती," अपेक्षा म्हणाली. दुसरी कडी आणायला कुणाला वेळ झाला नाही. तेव्हापासून तो अंघोळ करताना मोठ्यानं गाणी म्हणायचा. आधी गंमत म्हणून, मग त्याच्या लक्षात आलं की गाणं थांबलं की बाहेर कुणाची तरी पावलं थांबतात. मग तो मुद्दाम म्हणत राहिला. गाता गळा नव्हता, पण घराला बरं वाटत होतं. आणि त्या सगळ्यात मोडकी मोटरसायकल गोठ्यात निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. तिला भंगारात द्यायचं तर द्यायला कुणी हात लावावा, हाही प्रश्न होताच.

त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी त्यानं ताडपत्री ओढली. पुढचं चाक तिरकं झालेलं, टाकीला खोल पोचा, आणि सगळ्या गाडीवर कोंबड्यांची शिट. दोन सिलिंडरची जुनी गाडी होती ती, दोन सिलिंडरना दोन कार्बोरेटर. नोकरी होती त्या दिवसांत कात्रजच्या एका हौशी माणसाकडून त्यानं ती हौसेनंच घेतली होती. त्या माणसानं आवाज मोठा व्हावा म्हणून तिचा हवेच्या फिल्टरचा डबा काढून टाकला होता, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी जेट मोठ्या भोकाची घातली होती, आणि गाडी काळा धूर ओकत, घटाघटा पेट्रोल पीत चालायची. रणजितनं मूळ डबा मिळवून परत बसवला. मग हवा कमी झाली म्हणून जेट लहान करायची, सुई खाली घ्यायची, चालवून बघायचं, पुन्हा उघडायचं, असं त्याचं चालू होतं. नोकरी गेल्यानंतरच्या काळात त्याचे हात फक्त या एका कामात चालत. बाकी सगळ्या वेळी ते मांडीवर पडून असत.

तो स्टुलावर बसला तोच अण्णा आले. त्यांच्या हातात पेपर होता. पेपर ते नेहमी ओसरीवर वाचत. आज त्यांनी गोठ्याच्या दारात खुर्ची ओढली. "काय करतुयास?" ते म्हणाले.

"कार्बोरेटर बघतोय."

"आता कशापायी? मोडून पडलीया ती. तिच्या नादी लागायचं न्हाई आता."

"चालवायची नाही, अण्णा. नुसती बघायचीय."

अण्णांनी पेपर उघडला. ते वाचत नव्हते, पान उलटत नव्हतं. रणजितनं टाकी उतरवली. आतल्या शिळ्या पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा वास येत होता. डावा कार्बोरेटर त्यानं आधी सोडवला. वरचं झाकण फिरवून काढलं की वायरीला लटकलेली स्लाइड वर येते. बाटलीच्या बुचाएवढा धातूचा गोल ठोकळा तो. मूठ पिळली की वायर त्याला वर ओढते, हवेची वाट उघडते, आणि मूठ सोडली की स्प्रिंग त्याला खाली दाबून वाट बंद करते. त्याच्या पोटातून पितळेची बारीक सुई खाली जेटच्या भोकात लोंबते. सुईच्या डोक्याला खाचा असतात आणि एका खाचेत नखाएवढी क्लिप. क्लिप कोणत्या खाचेत, यावर सुई किती खाली, आणि पेट्रोल किती, हे ठरतं. डावी स्लाइड चिकटली होती, पण बोटानं रेटल्यावर कुरकुरत वर आली. सुई जागेवर, क्लिप जागेवर. खालची वाटी काढली तर तळाशी पिवळी राळ, जेटचं भोक बुजलेलं. पडून राहिलेल्या गाडीत व्हायचं तेवढंच झालं होतं. त्याला थोडी निराशा वाटली, आणि मग त्या निराशेचं नवल वाटलं. आपण इथे नक्की काय शोधायला बसलोय?

उजव्या कार्बोरेटरचं झाकण फिरलं, पण वर येईना. हवेच्या तोंडातून आत बोट घालून त्यानं चाचपलं. स्लाइड खाली नव्हती. ती वर अडकली होती, वाट जवळजवळ पूर्ण उघडी ठेवून. त्यानं हात मागे घेतला. थांब, त्यानं स्वतःला सांगितलं. एवढे दिवस पडून आहे. राळेनं चिकटली असेल, गंजली असेल, आपटून सरकली असेल. हव्या त्या गोष्टीला माणूस पुरावा म्हणतो. त्यानं वरून थोडं ताजं पेट्रोल सोडलं आणि वाट बघितली. गोठ्याबाहेर कुणाच्या तरी नव्या इमारतीचं काँक्रीट कालवायचं यंत्र घुमत होतं. जरा वेळानं त्यानं झाकण हलक्या हातानं डावी-उजवीकडे हलवत ओढलं, आणि खर्रकन आवाज करत स्लाइड बाहेर आली. तिच्याबरोबर काहीतरी बारीक त्याच्या मांडीवर पडलं. तारेचा तुकडा. इंग्रजी सी अक्षरासारखा वाकवलेला, एक टोक तुटून चपटलेलं.

सुई खाली भोकात पडून राहिली होती, तिच्या डोक्याला क्लिप नव्हती. त्यानं कार्बोरेटर उजेडात धरला. आतल्या भिंतीवर खालून वर जाणारा एक खोल ओरखडा होता. स्लाइडच्या अंगावर तसाच. आणि दोन्ही ओरखडे राळेनं झाकलेले होते. नखानं राळ खरवडली तेव्हा खालचा धातू चकचकीत निघाला. म्हणजे ओरखडा आधी आणि राळ नंतर. पडून राहिल्यावर हे झालेलं नाही, गाडी चालू असताना झालंय. तार सुटली, स्लाइड वर गेलेली असताना फटीत शिरली आणि पाचरीसारखी रुतली. मग मूठ सोडली तरी स्प्रिंगला स्लाइड खाली आणता आली नाही. उजवा सिलिंडर ओढतच राहिला. मूठ सोडली तरी. त्याच्या ओठांवर ते शब्द आले, पण आवाज बाहेर पडला तो दुसराच काहीतरी, आणि अण्णांनी पेपर खाली घेतला.

"काय झालं?"

त्यानं तळहातावरची तार पुढे केली. अण्णा उठून आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. विहिरीवरची इंजिनं उघडण्यात त्यांची उमर गेली होती, त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही. ओरखड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "ही तर तू केल्याली क्लिप हाय," ते म्हणाले. "इथंच बसून. खरी क्लिप मोरीत पडली म्हनून. जाळीतनं गेली. मी म्हनलं, आरं असली तार नगं लावू, इंजनाचं काम हाय. तर तू म्हनलास..."

"तात्पुरती," रणजित म्हणाला.

आणि ते आठवलं. वळण नाही. वळण आलंच नाही, पुढेही कधी येणार नव्हतं. आठवला तो त्याच्या आदल्या काही दिवसांतला रविवार. मोरीच्या जाळीवर पालथा पडून तो टॉर्च मारतोय, क्लिप दिसतेय पण हाताला येत नाही, आणि आई वरून ओरडतेय की तिथं सांडपाणी हाय, उठ. मग पक्कड, सायकलच्या जुन्या स्प्रिंगची तार, ती वाकवताना बोटाला टोचलेली. आणि अण्णांना त्यानं वैतागून दिलेलं उत्तर: "तात्पुरती लावतो हो. नाना पेठेत गेलो की खरी आणतो. पुढच्या रविवारी पुन्हा उघडायचीच आहे, अजून मेन जेट बदलायचीय." पुढच्या रविवारी. त्याला तो शब्द गरम भांड्यासारखा हातात धरवेना आणि सोडवेना. छातीवर पोतं घेऊन जगणाऱ्या त्या माणसाला, ज्याची त्याला एवढी भीती वाटत आली होती, पुढचा रविवार हवा होता. त्याला जेट बदलायची होती. तो आळशी होता, घाईत होता, त्याचं काम भिकार होतं. पण तो कुठेही निघालेला नव्हता. जो माणूस तात्पुरती म्हणून तार लावतो, तो परत येणार असतो.

अण्णा खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "सूनबाईला सांग," ते म्हणाले.

"सांगतो. आधी चालू होऊ दे."

"का बरं?"

"नुसती तार दाखवली तर ती हो म्हणेल, अण्णा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. तिला ऐकू दे." अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण आठवडाभर ते कुणाला काही बोलले नाहीत.

तो आठवडा विचित्र गेला. सुटल्यासारखं एकदम वाटेल, अशी त्याची कल्पना होती. तसं झालं नाही. सुटका शरीरात हप्त्याहप्त्यानं आली, मोडलेली बोटं चालायला लागतात तशी. मंगळवारी त्याच्या लक्षात आलं की आपण स्कूटरवर मागे बसून सीटच्या कडीला धरलेलं नाही. ऑफिसात एकदा उगीचच हसू आलं, शेजारच्या मुलीनं विचारलं, "सर, काय मीम आलं?" त्याला भूक लागायला लागली, डब्यातली तिसरी पोळी कमी पडायला लागली. आणि मधेच एखाद्या क्षणी शंका डोकं वर काढायची. कठड्याशी उभा राहिलेला माणूसही खराच होता की. तो नव्हता असं तार कुठे म्हणते? नाही म्हणत. पण त्या दुपारी तो माणूस घरी परतला होता, आणि घरी आल्यावर त्यानं कार्बोरेटर उघडला होता. म्हशींनी त्याला परतवलं असं तो समजत आला होता. म्हशी तर रोजच येत असतील. शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. तो एकटा बसनं नाना पेठेत गेला. घरून निघताना त्यानं सांगितलं, "जरा पार्ट आणतो," आणि आईनं दाराशी त्याचा चेहरा नीट बघून घेतला. पेठेत पायाखाली ऑइलनं काळी झालेली फरशी, टांगलेल्या वायरींची तोरणं, आणि काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "क्लिप? एवढीशी? त्यासाठी खास इथवर आलात?" "हो," रणजित म्हणाला, "त्यासाठीच." दोन क्लिपा आणि मूळ मापाच्या दोन जेट त्याच्या खिशात किणकिणत घरी आल्या.

रविवारी त्यानं दोन्ही कार्बोरेटर पुरते उघडले. जेट उजेडासमोर धरून भोकातून आभाळ दिसतंय का बघितलं. लहान-मोठ्या करत आणलेल्या आधीच्या जेट बाजूला ठेवून त्यानं गाडी ज्या मापावर बनली होती त्या घातल्या, सुया मधल्या खाचेत घेतल्या, आणि क्लिप बसताना टिक असा जो आवाज येतो तो दोन्ही वेळा ऐकला. ओरखडा बारीक पॉलिश पेपरनं घासला. स्लाइड हातानं वर नेऊन सोडली, ती टपकन खाली पडली. पुन्हा नेली, पुन्हा पडली. अण्णांनी कॅनमधून ताजं पेट्रोल ओतलं. पुढचं चाक वाकडंच होतं, म्हणून गाडी डबल स्टँडवर उभी. रणजितनं किक मारली. बऱ्याच किका फुकट गेल्या. "चोक दे," अण्णा म्हणाले. "दिलाय." "मग थोडा दम धर, पेट्रोल वर यिऊ दे." दोघंही घामाघूम झाल्यावर एक सिलिंडर फटफटला, मग दुसऱ्यानं खोकल्यासारखं करत त्याला साथ दिली, आणि गोठ्यातल्या कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. निळसर धूर कमी होत गेला. त्यानं चोक काढला. गाडी एका लयीत फिरायला लागली. थोडी मूठ पिळून, दम देऊन, मग बंद करून त्यानं प्लग काढून बघितला. चहाच्या रंगाचं टोक. काळं नाही, पांढरंही नाही; हवा आणि पेट्रोल बरोबर जुळलं होतं. त्यानं प्लग परत बसवला आणि पुन्हा किक मारली. या वेळी पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार आपटलं.

अपेक्षा धावत आली. हाताला भाकरीचं पीठ, पायात चप्पल नाही. दारात येऊन ती थबकली आणि आधी तिनं बघितलं ते रणजितकडे. तो सीटवर नव्हता, स्टुलावर होता, एवढं दिसल्यावर तिनं चौकटीला धरलं. "काय चाललंय?" ती आवाजाच्या वर आवाज काढून म्हणाली. "अहो, बंद करा ते. अण्णा, तुम्ही तरी..."

"ऐक जरा," रणजित म्हणाला. त्यानं मूठ पिळली. आवाज चढला. त्यानं मूठ सोडली आणि आवाज लगेच, आज्ञाधारकपणे, खाली आला. "मूठ सोडली की रेस उतरते. बरोबर?" तिनं मान हलवली. त्यानं गाडी बंद केली. मग खिशातली तार काढली, स्लाइड किती वर अडकली होती ते बोटांनी दाखवलं, ओरखडा, मोरी, पक्कड, पुढचा रविवार, सगळं सांगितलं. सांगताना तो अडखळत होता, एकच गोष्ट दोनदा सांगत होता. "त्या दिवशी मी सोडली तरी ती उतरली नसणार. मी रेस दिली नव्हती, अपेक्षा. म्हणजे, तसं वाटतंय. नक्की कोण सांगणार? मला तर..."

अपेक्षा तारेकडे बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. वर्गात मुलानं फळ्यावर गणित सोडवताना ती जशी बघते, तशी. "रसवाला म्हणाला होता, गाडी ओरडत होती," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"चालत्या गाडीचा आवाज तसा येत नाही. त्या दिवशी सिग्नलला त्या काकांनी क्लच दाबला होता म्हणून ती तशी ओरडत होती. ओझं नसलं की ओरडते ना? आणि तुला माहीत नाही. तू शुद्धीत नव्हतास. ज्यांनी तुला उसातून उचललं ना, ते मला म्हणाले होते, यांच्या डाव्या हातात क्लचचा दांडा होता. मोडून हातात आला होता. मूठ उघडायला दोघं लागले. म्हणून ती दोन बोटं मोडली. मला वाटलं, पडताना धरलं असेल काहीतरी. मी कधी..." ती एक पाऊल पुढे आली. "तू क्लच दाबून रेस तोडत होतास. वळणाच्या आधीपासून. तू ती थांबवत होतास."

रणजितनं आपला डावा हात वर करून बघितला. थंडीत दुखणारी ती दोन बोटं, किंचित वाकडी जुळलेली. दीड वर्ष तो डोक्यात शोधत होता आणि उत्तर हाताला ठाऊक होतं. त्याला रडू आलं, उचकी लागल्यासारखं. अण्णांनी तोंड फिरवून कोंबड्यांना हाकललं, कोंबड्या तिथे नव्हत्याच. अपेक्षानं डोळे मनगटानं पुसले, त्यामुळे पीठ कपाळभर झालं. आणि मग तिची नजर पहिल्यांदा तारेवर पडली. तिनं ती त्याच्या हातून घेतली, उलटीसुलटी केली.

"ही?" ती म्हणाली. "ही लावली होतीस तू? इंजिनमध्ये?"

"तात्पुरती..."

"तात्पुरती! सायकलच्या स्प्रिंगची तार! अरे, अक्कल काय गहाण टाकली होतीस? एवढा इंजिनियर झालास, आणि क्लिप नाही म्हणून तार? आणि त्या गाडीवर बसून बाहेर पडलास? मेला असतास म्हणजे!" तिचा आवाज पार मळ्यापर्यंत गेला असेल. अण्णांसमोर ती त्याला कधी अरेतुरे करत नसे. आज तिच्या ते ध्यानातच नव्हतं. "तवाच म्हनलं हुतं म्या याला," अण्णा पुढे होऊन म्हणाले, तर ती त्यांच्याकडे वळली, "तुम्ही बोलू नका अण्णा, तुम्ही शेजारी बसून बघत होतात!" अण्णा गप्पकन मागे सरकले. मग ती जी सुटली ती थांबेना. तार झाली, मोडकी गाडी झाली, ओला टॉवेल पलंगावर टाकण्याची सवय झाली, फोन उचलायचा नाही, डॉक्टरांना अर्धंच सांगायचं, आणि रोज खराडीचा वळसा घालून तिला शाळेत हेडबाईंची बोलणी खावी लागतात तीही झाली. दीड वर्षात या घरात कुणी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. सगळे त्याच्याशी दुखऱ्या जागेवर फुंकर घालावी तसे बोलत होते, आणि आपण त्या फुंकरीनं किती गारठलोय हे त्याला आत्ता कळत होतं. तो स्टुलावर मान खाली घालून ऐकत राहिला. उन्हात बसलेल्या माणसासारखा. एकेक शब्द अंगाला लागत होता आणि प्रत्येक शब्द चांगल्या, शाबूत, चुका करणाऱ्या माणसाला उद्देशून होता.

"हसतोस काय?" ती म्हणाली.

"नाही हसत."

"हसतोयस. अण्णा, बघा, हसतोय हा." आणि मग नाक वर करून तिनं वास घेतला. "गेली! भाकरी करपली. तव्यावर टाकून आले होते मी. आता खा तीच, दुसरी मिळणार नाही." ती वळून घराकडे पळाली. तो तिच्यामागे उठला, पेट्रोलनं बरबटलेल्या हातांनीच.

"आधी हात धू!" ती आतून ओरडली.